बोलक्या जनावरांचा चित्रपट : आधी जनावर, मग संवाद

प्रति,
मा. संपादक,

विषय : शेतावरच्या बोलणाऱ्या जनावरांचे कौटुंबिक चित्रपट आणि मराठी

स. न. वि. वि.

सुट्टी लागली की मुलांना दाखवण्याजोग्या चित्रपटांच्या याद्या छापून येतात आणि त्यांत ‘बेब’ हे नाव बहुधा असतेच. 1995 चा हा ऑस्ट्रेलियन चित्रपट. शेतावर आलेले डुकराचे पोरके पिल्लू, त्याला आपल्या पिल्लांत सामावून घेणारी मेंढ्या राखणारी कुत्री, सुरीच्या भीतीने कोंबड्यासारखे आरवणारे बदक, एक म्हातारी मेंढी आणि या सगळ्यांची जमत गेलेली मैत्री. चित्रपटाच्या नावापुढे बहुतेक वेळा एक वाक्य जोडलेले असते : सगळी कॉम्प्युटरची करामत.

हे वाक्य चुकीचे आहे आणि त्याचा तोटा मराठीला होतो. आपल्याकडचा निर्माता ते वाचून एक तर ‘हे आपल्या आवाक्यातले नाही’ म्हणून विषयच सोडून देतो, नाहीतर ‘तोंडे काय, शेवटी हलवून घेऊ’ म्हणून जनावरांचे चित्रीकरण दोन दिवसांत उरकतो. दुसरी चूक अधिक महाग पडते. अशा चित्रपटाचे काम जनावरापासून सुरू होते आणि संवाद सर्वांत शेवटी येतो. हा क्रम उलटला की पुढे कितीही पैसा ओतला तरी पडद्यावरची मैत्री खरी वाटत नाही. हा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो, कुठे बिघडतो आणि मराठीत त्याचे काय करता येईल, ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

‘बेब’चे दिग्दर्शक ख्रिस नूनन, निर्मात्यांत आणि पटकथेत जॉर्ज मिलर. मूळ कादंबरी डिक किंग-स्मिथ यांची, 1983 सालची. ते स्वतः वीसेक वर्षे शेती केलेले गृहस्थ होते आणि गोष्टीतली जनावरे जनावरांसारखी वागतात, याचे कारण तेच असावे. चित्रीकरण न्यू साउथ वेल्समधल्या रॉबर्टसन गावाच्या परिसरात झाले. चित्रपटाला ऑस्करची 7 नामांकने मिळाली. त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते. प्रत्यक्ष पुरस्कार मिळाला तो दृश्य परिणामांसाठी. त्या वर्षी या विभागात दोनच चित्रपट होते आणि दुसरा होता ‘अपोलो 13’. अवकाशयानाला मागे टाकून डुकराच्या पिल्लाने बाजी मारली, कारण तीन वेगळ्या हातांचे काम एकमेकांत इतके मिसळले होते की सांधा दिसत नव्हता.

ते तीन हात असे. चालणे, पळणे, वळून बघणे, कळपातून वाट काढणे हे सगळे जिवंत जनावर करते. जिथे चेहरा अगदी जवळून आणि बराच वेळ दिसायला हवा किंवा जनावराला न झेपणारा भाव हवा, तिथे यांत्रिक बाहुली येते. ही बाहुल्यांची बाजू जिम हेन्सन यांच्या क्रिएचर शॉपने आणि ऑस्ट्रेलियातल्या जॉन कॉक्स यांच्या कार्यशाळेने सांभाळली. आणि जिवंत जनावर बोलताना दिसायला हवे तिथे फक्त तोंडाचा भाग संगणकावर. ते काम ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकन कंपनीचे. याच कंपनीचा स्टुडिओ पुढे मुंबईतही होता आणि आपल्याकडची कितीतरी मुले तिथे हे तंत्र शिकली. म्हणजे हात आपल्याकडे आहेत, क्रमाचे भान हवे.

बाहुली एकट्या माणसाची नसते. डोळे-पापण्या एकाकडे, ओठ-जबडा दुसऱ्याकडे, मान आणि कान तिसऱ्याकडे. तिघांचा श्वास जुळला नाही तर बाहुली झटके दिल्यासारखी दिसते. ती पळू शकत नाही, तिचे केस जवळच्या दिव्यात खोटे चमकतात आणि ती डोळा ओला ठेवू शकत नाही. त्यामुळे बाहुलीच्या चित्रणाचा एक तुकडा दोन-तीन सेकंदांपेक्षा लांबवू नये. त्याच्या आधी आणि नंतर जिवंत जनावर दाखवले की प्रेक्षकाची नजर ते दोन्ही एकच मानून पुढे जाते.

आता जनावर. ‘बेब’मध्ये एका पिल्लाची भूमिका 48 पिल्लांनी केली. लार्ज व्हाइट जातीचे पिल्लू जन्मतः सव्वा ते दीड किलोचे असते. आठ आठवड्यांत ते 15 ते 18 किलोवर जाते आणि सहा महिन्यांत नव्वदी गाठते. एकच पिल्लू घेऊन चित्रीकरण सुरू केले, तर पहिल्या दृश्यातले बाळ शेवटच्या दृश्यापर्यंत थोराड होईल. हिशेब साधा आहे. समजा चित्रीकरण 20 आठवडे चालणार आणि पडद्यावर सारखे दिसेल अशा उंचीचे एक पिल्लू साधारण 3 आठवडे कामाला येणार, तर 7 तुकड्या लागतात. एका तुकडीत 6 पिल्ले धरली (पळणारे, शांत उभे राहणारे, माणसाजवळ बिनधास्त जाणारे, आणि आजारपणासाठी राखीव) तर 42 झाली. 48 चा आकडा मग हौशीचा वाटत नाही. सगळी सारखी दिसावीत म्हणून प्रत्येक पिल्लाच्या कपाळावर केसांचा तोच झुबका बसवलेला होता. पाहणाऱ्याचे लक्ष झुबक्यावर जाते आणि कानाच्या आकारातला फरक निसटून जातो.

शिकवण्याची खात्रीची पद्धत जवळपास एकच आहे आणि तिच्यात काठीला जागा नाही. पहिले तीन दिवस फक्त आवाज आणि खाऊ : टिकटिक्या किंवा छोटा बझर वाजला की सफरचंदाचा वा गाजराचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. खाऊ रोजच्या आहारातूनच वजा करायचा. उपाशी ठेवून काम करून घेणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय भुकेले पिल्लू नुसते माणसाच्या खिशाकडे धावते. पुढचे तीन-चार दिवस काडीच्या टोकाला नाक लावणे. दुसऱ्या आठवड्यात जागा : जमिनीवर ठेवलेल्या लहान फळीवर पुढचे पाय ठेवून उभे राहणे. तिसऱ्या आठवड्यात थांबणे, आधी 5 सेकंद, मग 10, मग 20. चौथ्या आठवड्यात दिवे, माइकची काठी, अनोळखी माणसे. दर वेळी शिकवणी पाच-सात मिनिटांची आणि दिवसात तीन-चारदा. एका जनावरामागे दोन माणसे लागतात, एक सोडणारा आणि एक बोलावणारा. आपल्याकडे नेमकी इथे काटकसर होते. एकच माणूस सोडतो आणि धावत दुसऱ्या टोकाला जातो, जनावर त्याच्या मागे वळते आणि दिवसभरात चार तुकडेही हाती लागत नाहीत.

डुकराच्या पिल्लाची एक गोष्ट आधी माहीत हवी. पाय जमिनीवरून सुटले की ते किंचाळते आणि तो आवाज 100 डेसिबलच्या पुढे जातो. भीती निसर्गाने दिलेली आहे, कारण पिल्लाला उचलणारा बहुधा शिकारीच असतो. म्हणून त्याला उचलून जागेवर आणायचे नाही, उताराच्या फळीवरून चालत आणायचे. कथेत कुणी त्याला कडेवर घेणार असेल, तर त्या नटाने चित्रीकरणाच्या आधी काही आठवडे रोज त्याच्याजवळ बसायला हवे. दुसरी गोष्ट उन्हाची. डुकराला घाम जवळजवळ येत नाही आणि पांढऱ्या कातडीला ऊन भाजते. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि सकाळी साडेसहा ते दहा, याबाहेर हे काम करूच नये.

मेंढीचा स्वभाव वेगळा. ती एकटी उभी राहत नाही. एकट्या मेंढीचा जवळून तुकडा हवा असेल तर चौकटीच्या बाहेर, तिला दिसतील अशा दोन सोबतिणी उभ्या कराव्यात, तेव्हा ती रवंथ करत शांत राहते. माणूस तिच्या खांद्याच्या मागे गेला की ती पुढे सरकते, खांद्याच्या पुढे आला की मागे फिरते. हे समजलेला मेंढपाळ आवाज न करता मेंढी हवी तिथे नेऊन उभी करतो. मेंढ्या एकमेकींना चेहऱ्यावरून ओळखतात, ही कवीकल्पना नाही. इंग्लंडमधल्या बाब्राहम संस्थेतल्या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवले की मेंढीला 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात राहतात. म्हणून चित्रीकरणासाठी वेगवेगळ्या बाजारांतून सुट्या मेंढ्या गोळा करू नयेत. एकाच मेंढवाड्यातल्या घ्याव्यात. परक्या मेंढ्या एकत्र आल्या की दोन-तीन दिवस त्या एकमेकींपासून फटकून उभ्या राहतात आणि कॅमेऱ्याला कळप दिसतच नाही, नुसती गर्दी दिसते.

बदकाचे त्याहून निराळे. अंडे 28 दिवसांत उबते आणि बाहेर पडल्यावर पहिल्या दिवस-दीड दिवसात पिल्लू समोर हलणाऱ्या पहिल्या जिवाला आई मानते. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांचा हा अभ्यास प्रसिद्ध आहे. पुढे कुणाच्या मागे चालायचे, ते त्या तासांतच ठरवून घ्यावे. कोंबड्या तिन्हीसांजेला कमी दिसू लागले की आपोआप शांत बसतात, म्हणून खुराड्यातले रात्रीचे दृश्य दिवस मावळताना घेतले तर शिकवणी लागतच नाही.

कुत्रा आणि मेंढी, मांजर आणि पिल्लू एकाच चौकटीत गप्पा मारताना दिसतात, तेव्हा ती बहुतेक वेळा एकत्र उभी नसतात. कॅमेरा पक्का बांधायचा, डाव्या अर्ध्यात कुत्रा घ्यायचा, तो बाहेर गेला की उजव्या अर्ध्यात मेंढी, आणि दोन अर्धे दाराच्या चौकटीच्या किंवा खांबाच्या रेषेवर जोडायचे. दोन अर्ध्यांत पंधरा मिनिटांहून जास्त अंतर पडले की सावली सरकते. मधल्या रेषेवर कडबा लोंबत असेल आणि वारा असेल तर जोड उघडा पडतो. आणि नजर. जनावर बघते खाऊकडे, समोरच्या पात्राकडे नाही. म्हणून बोलावणाऱ्याने खाऊ नेमका दुसऱ्या जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर धरायला हवा. वीतभर वर धरला तर पिल्लू मैत्रिणीशी बोलण्याऐवजी तिच्या डोक्यावरून आभाळाकडे बघताना दिसते, आणि ही चूक संगणकावर दुरुस्त होत नाही. काही आठवड्यांच्या पिल्लाचा डोळा जमिनीपासून जेमतेम वीत-दीड वीत वर असतो. कॅमेरा त्याच उंचीवर हवा, तरच मूल पिल्लाच्या जगात शिरते, एरवी ते वरून बघणारा माणूसच राहते. यासाठी गोठ्याचा नेपथ्यातला तळ अडीच-तीन फूट उचलून बांधावा. कॅमेरा, माणसे, खाऊचे डबे सगळे खाली राहतात आणि जनावर वर मोकळे फिरते.

तोंड हलवण्याचे काम यानंतरचे. तोंडात चिकट पदार्थ देऊन तोंड हलवून घ्यायचे ही जुनी युक्ती शेळी-मेंढीला लागू पडतच नाही, कारण त्यांचा जबडा आडवा फिरतो आणि ते चावणेच दिसते. संगणकाच्या कामाला तर उलट मिटलेले, स्थिर तोंड लागते. मिटलेल्या तोंडावर नाका-तोंडाचे त्रिमितीय रूप बसवायचे, त्याच चित्रातली कातडी त्यावर ओढून घ्यायची, आतली जीभ-दात वेगळे करायचे आणि जबडा उघडला की मागे जी जागा रिकामी होते ती भरायची. म्हणून खाऊ चित्रणाचा तुकडा संपल्यावरच द्यावा आणि पुढचा तुकडा घेण्याआधी पिल्लाचे चघळणे पूर्ण थांबू द्यावे. घाई केली तर प्रत्येक चित्रात तोंड वेगळ्या जागी असते आणि रूप चिकटत नाही. खुणेचे ठिपके जनावराला चिकटवता येत नाहीत, तेव्हा नाकपुडीचा कोपरा, डोळ्याचा कोपरा, एखादा डाग यांवरच माग काढावा लागतो. तुकडा संपला की त्याच उजेडात तोंडाची चारी बाजूंनी स्थिरचित्रे घेऊन ठेवावीत. हे पाच मिनिटांचे काम राहिले तर पुढे पाच दिवस जातात.

सेकंदाला 24 चित्रे. तीन सेकंदांचे वाक्य म्हणजे 72 चित्रांवर काम. दीड तासाच्या चित्रपटात वीस मिनिटे तोंडे दिसली तर 28,800 चित्रे होतात. पटकथाकाराने हा आकडा टेबलावर लिहून ठेवावा. उपाय लेखणीतच आहे. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवावा, काही वाक्ये पाठमोरी द्यावीत, काही दारापलीकडून यावीत. ‘बेब’मध्ये निवेदक आहे, प्रकरणांची नावे वाचणारे उंदीर आहेत, आणि मेंढपाळ असलेला शेतकरी स्वतः फार थोडे बोलतो. जेम्स क्रॉमवेल यांनी केलेली ही भूमिका मुख्यतः बघण्याची आणि थांबण्याची आहे. म्हणूनच जनावरे बोलतात तेव्हा ते ऐकावेसे वाटते.

आता मराठीकडे येतो, कारण हे पत्र मराठी वाचकांना आहे. परदेशी चित्रपट मराठीत डब करताना किंवा मराठीत नवा करताना भाषेच्या तीन जागा नीट सांभाळल्या, तर काम मुळापेक्षाही सरस होऊ शकते असे आमचे ठाम मत आहे.

पहिली जागा वाक्याच्या शेवटाची. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि जनावराचा मानेचा झटकाही तिथेच घेतलेला असतो. मराठी ‘मी तुला सोडून कुठेही जाणार नाही’ म्हणते. म्हणजे मान आधी हलते आणि ‘नाही’ दीड सेकंदाने येतो. लहान मुलालाही ते खटकते, का ते त्याला सांगता येत नाही इतकेच. बोलीतली मराठी इथे मदतीला येते : ‘नाही जायची मी तुला सोडून’, ‘नको जाऊस ना’. क्रियापद पुढे आणले की मान आणि शब्द एकत्र पडतात. संवादलेखकाने म्हणून आवाज बंद करून चित्र चार वेळा बघावे आणि प्रत्येक मान, कान, शेपटी यांची वेळ टिपून मगच लिहायला बसावे. इंग्रजी संवादांचा कागद समोर ठेवून केलेले भाषांतर इथे उपयोगाचे नाही. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, तेव्हा मिटलेल्या चित्रावर ती आणावीत. बदकाला ओठ नाहीत, त्याची चोच फक्त उघडते-मिटते. माणूस सेकंदाला पाच-सहा अक्षरे बोलतो. प्रत्येक अक्षराला चोच उघडली तर ती फडफडते. शब्दाच्या जोराच्या एका अक्षराला उघडावी, बाकी आवाजावर सोडावे.

दुसरी जागा लिंगाची. मराठीत पिल्लू ‘ते’ आहे. वासरू, करडू, कोकरू, बदक सगळीच ‘ते’. इंग्रजीला न जमणारी गोष्ट इथे सहज साधते : सुरुवातीला सगळा गोठा पिल्लाला ‘ते’ म्हणेल, जसे आपण न ओळखणाऱ्या लेकराला म्हणतो. ज्या दिवशी त्याला नाव मिळेल, कुणी त्याला आपले म्हणेल, त्या दिवसापासून ‘तो’. कुणी समजावून सांगायची गरज नाही, मराठी मुलाला ते कानाने कळेल. पिल्लाने स्वतःबद्दल मात्र पहिल्यापासून ‘आलो’, ‘गेलो’च म्हणावे. ‘मी आलं’ असे केले तर ते बोबडे वाटते आणि सहानुभूतीची जागा हसू घेते.

तिसरी जागा सर्वांत मोलाची. ‘बेब’ची सगळी गोष्ट एका सभ्यपणावर फिरते. कुत्रे मेंढ्यांवर गुरकावून त्यांना हाकतात. हे पिल्लू त्यांना विनंती करते, आणि त्या ऐकतात. इंग्रजीत हा फरक आवाजाच्या सुरात दाखवावा लागला. मराठीकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, ‘ए’ आणि ‘अहो’ आहे, आणि नात्यांची हाक आहे. कुत्रा ‘चल गं, हो पुढे’ म्हणेल तिथे पिल्लू म्हाताऱ्या मेंढीला ‘आजी, जरा सरकता का?’ म्हणेल. गोष्टीचा कणाच या एका हाकेत बसतो. असे असताना मराठी डबिंगमध्ये सगळी जनावरे एकमेकांना सरसकट ‘तू’ म्हणताना किंवा सगळीच पुस्तकी ‘आपण’ म्हणताना ऐकू येतात, याचा खेद वाटतो.

याच्या जोडीला एक आग्रह. मेंढ्यांना गावाकडची बोली आणि कुत्र्याला शहरी मराठी देऊन हशा मिळवू नये. मूळ चित्रपटात कुत्र्यांना वाटते मेंढ्या मूर्ख आणि मेंढ्यांना वाटते कुत्रे मूर्ख, म्हणून दोघेही एकमेकांशी सावकाश, शब्द तोडून बोलतात. हा विनोद वेगाने आणि विरामाने साधतो. बोलीवर नेला तर गोठ्यातल्या गैरसमजाची थट्टा न होता माणसांची होते, आणि ऐकणाऱ्या अर्ध्या मुलांच्या घरची भाषाच हास्यास्पद ठरते.

मराठीत नवा चित्रपट करायचा तर डुक्कर घ्यायची गरज नाही. आपल्या शेतावर ते क्वचितच असते. मूळ गोष्टीतला प्रश्न, ज्याला हाताने वाढवले त्यालाच कापायचे का, आपल्याकडे बोकडाच्या रूपाने उभाच आहे. जत्रेसाठी सोडलेले करडू, त्याला दूध पाजणारी पोर, दावणीची गाय, वाड्यावरचा कुत्रा. धाराशिव भागातली उस्मानाबादी शेळी जुळी देण्यासाठी नावाजलेली आहे, म्हणजे एकाच विणीत एका पात्राला दोन सारखी करडे मिळतात. शेळीचा गाभणकाळ 150 दिवसांचा. 1 डिसेंबरला सहा आठवड्यांची करडे हवी असतील तर ती 20 ऑक्टोबरच्या सुमारास जन्मायला हवीत, म्हणजे शेळ्यांना 23 मेच्या आसपास बोकड दाखवायला हवा. पुढच्या तुकड्या तीन-तीन आठवड्यांनी. पटकथेचा पहिला खर्डा तयार नसला तरी मे महिना सोडता येत नाही, आम्ही क्रम म्हणतो तो हाच.

अडचण रंगाची. उस्मानाबादी शेळी आणि दख्खनी मेंढी दोन्ही बहुतेक काळ्या. काळ्या तोंडात काळा डोळा कॅमेऱ्याला सापडत नाही आणि तोंडावर माग काढायला डागही नसतो. त्यावर उपाय म्हणजे मुख्य पात्रासाठी कान किंवा कपाळ पांढरे असलेले जनावर निवडावे, उजेड समोरून न देता बाजूने द्यावा, आणि डोळ्यात चमक यावी म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला पांढरा कापडी पडदा धरावा. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. कातरणी चित्रीकरणाच्या मधोमध आली तर एकाच दृश्यातली मेंढी अर्धी लोकरीची आणि अर्धी भादरलेली दिसेल. मेंढपाळाशी आधी बोलून ही तारीख ठरवावी आणि लांबवायला सांगत असाल तर त्याचे नुकसान भरून द्यावे.

परवानगीचे काम पटकथेबरोबरच सुरू करावे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 आणि त्याखालचे 2001 चे नोंदणी नियम चित्रपटाला लागू आहेत. कोणते जनावर, किती वयाचे, ते काय करणार, किती वेळ, त्याच्या तब्येतीचा पशुवैद्याचा दाखला, हे सगळे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाला आधी कळवावे लागते. मंडळाचे कार्यालय आता हरियाणात बल्लभगढला आहे. त्यांच्या ना-हरकतीशिवाय सेन्सॉर बोर्डाकडे अडकायला होते. चित्रीकरण झाल्यावर परवानगी मागायला गेलेले चित्रपट रखडतात. आणखी एक : 2011 च्या केंद्रीय अधिसूचनेने ज्या प्राण्यांना खेळ-प्रदर्शनासाठी शिकवायला मनाई केली, त्यांत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याबरोबर बैलवर्गही आला. गोठ्याच्या गोष्टीत बोलका बैल घालायचा मोह होणारच. तो बाहुलीचा किंवा संगणकाचा ठेवावा, निदान मंडळाला लेखी विचारल्याशिवाय पटकथेत पक्का करू नये.

शाळांसाठी थोडेसे. ‘बेब’मध्ये नाताळच्या जेवणाला एक बदक कापले जाते, म्हातारी मेंढी रानकुत्र्यांच्या हल्ल्यात मरते, आणि मांजर पिल्लाला डुकरे कशासाठी पाळतात ते सांगते. हे तीन भाग वगळून मुलांना चित्रपट दाखवू नये. त्यांच्याशिवाय बदकाचे आरवणे नुसता आचरटपणा वाटतो आणि पिल्लाचे रात्री घर सोडून जाणे कळत नाही. सात-आठ वर्षांची मुले ते पाहू शकतात, शेजारी मोठे माणूस हवे. त्याहून लहान मुलांना मांजराच्या प्रसंगाआधी सांगून ठेवावे.

ध्वनीचे अजून एक. चित्रीकरणाच्या वेळी शिकवणारे सतत हाका मारत असतात, त्यामुळे जागेवरचा आवाज पूर्ण टाकून द्यावा लागतो. खुरांचा, कडब्याचा, गव्हाणीतल्या पाण्याचा, श्वासाचा आवाज नव्याने घ्यावा लागतो. तो आयात केलेल्या ध्वनिसंग्रहातून उचलू नये. परदेशी मेंढीचे ओरडणे आणि आपल्या वाड्यातला सकाळचा कालवा यांत फरक आहे, आणि खेड्यातल्या मुलाला तो तत्काळ कळतो. चित्रीकरण संपल्यावर जनावरे परत जायच्या आधी दोन दिवस राखून ठेवावेत. पहाटे पाच ते सात, कोकरे आयांपाशी सोडण्याच्या वेळी, माइक कुंपणाच्या आत, जमिनीपासून दोन फुटांवर. कोकरू आईला हाक मारते आणि शेकडो आवाजांतून नेमकी तीच मेंढी उलट ओरडते, तो क्षण त्या वेळी मिळतो. नंतर स्टुडिओत कोणत्याही नटाकडून तो करून घेता येत नाही.

कळावे,
आपले,
चित्रपट-ध्वनी, डबिंग आणि पशुवैद्यक क्षेत्रांत काम करणारे काही वाचक